मांजर घरातच राहील, झोपायच्या खोलीत नाही

घरात मांजर किंवा कुत्रा आहे, कुणाच्या तरी शिंका थांबत नाहीत, आणि तरीही प्राणी कुणाला देऊन टाकायचा नाही, असं ठरलं की पुढे निदान तीन-चार महिन्यांचं काम असतं. आम्ही मांजर आणि कुत्रा अशा दोघांच्याही बाबतीत यातून गेलो आहोत. काम ज्या क्रमानं करावं लागतं त्याच क्रमानं इथे मांडतो. बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी एअर प्युरिफायर येतो आणि दिवाणखान्यात लागतो, मांजर रात्री उशीवरच झोपतं, आणि महिनाभरानं सगळे म्हणतात की कशाचाच उपयोग होत नाही. यंत्र चांगलंच असतं, पण ते चुकीच्या खोलीत आणि चुकीच्या वेळी आलेलं असतं.

आधी नेमका त्रास कशाचा होतो ते पाहू. सगळे 'केसांची ॲलर्जी' म्हणतात, पण ॲलर्जी असते ती प्रथिनांची. मांजरात मुख्य प्रथिन आहे फेल डी १. ते त्वचेतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, कोंड्याबरोबर तिचे बारीक कण सुटतात आणि त्यांतले काही ५ मायक्रॉनपेक्षाही (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. इतके हलके कण तासन् तास हवेत तरंगतात. धुळीतल्या माइटचे (गादी-उशीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचे) कण त्यामानानं जड, ते थोड्या वेळात खाली बसतात. म्हणून माइटचा त्रास गादीवर आडवं झाल्यावर सुरू होतो, आणि मांजराचा त्रास खोलीत पाऊल टाकल्याबरोबर, मांजर समोर नसलं तरी. हे कण कपड्यांना चिकटून प्रवास करतात. ज्या घरात किंवा शाळेत कधी मांजर नव्हतं, तिथेही फेल डी १ सापडतं.

कुत्र्यात एकच मुख्य प्रथिन नसतं, अनेक असतात. कॅन एफ १ लाळेतून आणि त्वचेवरून येतं. कॅन एफ ५ मात्र प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे फक्त नरात. ज्याला एकट्या कॅन एफ ५ ची ॲलर्जी आहे, त्याला मादी किंवा नसबंदी केलेला नर सोसण्याची चांगली शक्यता असते. ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते, आणि तिच्यामुळे कुठलं पिल्लू आणायचं हा निर्णयच बदलू शकतो.

त्यामुळे पहिलं पाऊल तपासणीचं. त्वचेवरच्या प्रिक टेस्टमध्ये हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी मोजतात. अर्क नसलेल्या नुसत्या द्रावाच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी आली तर चाचणी पॉझिटिव्ह. शेजारी हिस्टामिनचा एक थेंब मुद्दाम ठेवतात, त्यानं कुणालाही गांधी उठायला हवी. तिथेही गांधी उठली नाही तर पोटात ॲलर्जीची गोळी आहे असं समजावं आणि चाचणी वाया गेली असंही. म्हणून अँटिहिस्टामिन साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. सर्दी-खोकल्याच्या कितीतरी औषधांत तेच असतं, याकडे हटकून दुर्लक्ष होतं. औषध थांबवणं शक्य नसेल किंवा त्वचेचा आजार असेल, तर रक्तातलं त्या-त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीचं प्रतिपिंड) तपासता येतं; कॅन एफ ५ सारख्या एकेका प्रथिनाची तपासणीही रक्तावरच होते.

तपासणी फक्त मांजराची किंवा कुत्र्याची करू नका. धुळीतले माइट, बुरशी, परागकण यांचीही त्याच वेळी करा. बरेचदा मांजराची ॲलर्जी सौम्य निघते, माइटची जोरदार, आणि सगळा दोष मात्र मांजराच्या माथी आलेला असतो. उलट, चाचणी पॉझिटिव्ह आहे पण प्राण्याजवळ बसून काहीच होत नाही, असंही असतं. लक्षणं आणि चाचणी दोन्ही जुळली तरच ती ॲलर्जी धरायची.

'पंधरा दिवस मांजर दुसरीकडे ठेवून बघू' हा प्रयोग जवळपास प्रत्येक घरात होतो आणि तो फसवतो. मांजर घराबाहेर गेल्यावर फेल डी १ ची पातळी मांजर नसलेल्या घराइतकी खाली यायला चार ते सहा महिने लागतात. गादी, सोफा, पडदे, गालिचे यांत साठा भरलेला असतो आणि तो सावकाश सुटत राहतो. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून मांजर निर्दोष ठरत नाही. आणि याच कारणानं खाली दिलेल्या उपायांचा निकालही आठवड्यात मागू नये.

आता खरं काम. शरीरात जाणारा एकूण भार कमी करायचा, आणि तो जिथे सर्वांत जास्त वेळ जातो तिथून सुरुवात करायची. आपण दिवसाचे सात-आठ तास एकाच खोलीत, तोंड उशीत खुपसून काढतो. म्हणून झोपायची खोली प्राण्याला पूर्ण बंद. दिवसाही बंद. 'रात्री नाही, फक्त दुपारी येतो' याला काही अर्थ नाही, कारण दुपारचे कण रात्री तिथेच असतात.

खोली बंद करण्याआधी ती रिकामी करून धुऊन काढावी लागते. त्यासाठी एक अख्खा दिवस ठेवा आणि हे काम ज्याला ॲलर्जी नाही त्यानं करावं. चादरी, अभ्रे, पांघरुणं, पडदे, पायपुसणी, सगळं कापड धुवायला काढा. प्राण्याचं प्रथिन साध्या पाण्यात डिटर्जंटनं बरंचसं निघून जातं, मात्र कपडे स्वच्छ पाण्यातून दोनदा खळबळून काढावेत; माइटही मारायचे असतील तर पाणी ६० अंश सेल्सिअस हवं. गालिचा असेल तर तो कायमचा बाहेर. मग वरून खाली: कपाटाचं डोकं, पंख्याची पाती, खिडकीच्या कडा, भिंती, शेवटी फरशी, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. फडकं दर काही फुटांनी पिळायचं आणि पाणी बदलायचं. गढूळ पाण्यानं पुसलं तर भिंतीवरचा कोंडा फक्त दुसऱ्या भिंतीवर जातो.

गादी आणि उशी धुता येत नाही, आणि मांजर वर्षभर त्यावर झोपलेलं असेल तर ती तशी वापरण्यासारखी राहत नाही. टाकून द्यायची गरज नाही. चारही बाजूंनी बंद होणारी, चेनची, घट्ट विणीची खोळ घाला. इथे आकडा बघून घ्या: माइटसाठी १० मायक्रॉनपर्यंतची छिद्रं चालतात, मांजराच्या कणांसाठी ती ६ मायक्रॉनपेक्षा लहान हवीत. नुसतं 'ॲलर्जीरोधक' लिहिलेली खोळ पुरेशी नाही. वरून नेहमीची चादर, ती आठवड्याला धुवायची. खोळ एरवी ओल्या फडक्यानं पुसली तरी चालते.

यानंतर गडबड होते ती दाराशी. घरातलं कुणीतरी सवयीनं दार उघडं टाकतं, मांजर कपड्यांच्या ढिगावर जाऊन झोपतं आणि ते कपडे घडी होऊन आत जातात. त्यासाठी दोन सवयी लावून घ्याव्या लागतात. प्राण्याला मांडीवर घेतानाचे कपडे वेगळे, आणि ते खोलीबाहेरच्या खुंटीवर. धुतलेल्या कपड्यांचा ढीग उघड्यावर नाही, झाकणाच्या टोपलीत किंवा कपाटात. दाराखाली मोठी फट असेल तर रबरी पट्टी लावा. खोलीत स्प्लिट एसी असेल तर तो आतलीच हवा फिरवतो हे लक्षात ठेवून त्याची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

कुत्रं दाराबाहेर रडतं, मांजर दार खरवडतं. पहिला आठवडा हे चालतं, आणि बहुतेक घरं इथेच हार मानतात. एकदा उघडलं की पुढच्या वेळी ते दुप्पट नेटानं खरवडतं, कारण खरवडल्यानं दार उघडतं हे त्याला आपणच शिकवलेलं असतं. झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं दमेपर्यंत खेळ, मग जेवण, आणि दारापासून दूर, उबदार जागी त्याचं स्वतःचं अंथरुण. या क्रमानं मांजर लवकर रुळतं. त्याच्यासाठी खोली तुटते तेव्हा त्याला दुसरी चांगली जागा आपण देणं लागतो.

आता एअर प्युरिफायर, आणि तो आधी याच खोलीत. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, त्यामुळे फिल्टरच्या दर्जाचा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न येतो क्षमतेचा. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा, आलेल्या आकड्याला ५ नं गुणा; तासाला इतके घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र हवं. साडेतीन बाय साडेतीन मीटरच्या, २.८ मीटर उंच खोलीचं घनफळ ३४ घनमीटरच्या आसपास, म्हणजे तासाला सुमारे १७० घनमीटर. खोक्यावर छापलेली क्षमता मात्र सर्वांत मोठ्या वेगाची असते, आणि त्या वेगाला इतका आवाज येतो की रात्री सगळे तो सर्वांत कमी वेगावर आणतात. म्हणून हिशेबापेक्षा बरंच मोठं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चोवीस तास चालू ठेवा. भिंतीला चिकटवू नका, चहूबाजूंनी फूटभर जागा सोडा. आयोनायझरचं (हवेतल्या कणांना विद्युतभार देणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर ते बंद. त्यातून थोडाफार ओझोन तयार होऊ शकतो आणि तो आधीच चिडलेल्या श्वासनलिकांना आणखी चिडवतो. बाहेरची जाळी पंधरा दिवसांनी साफ करा, आतला हेपा मात्र कधीही धुऊ नका, बदला. आणि यंत्र हवेतलं घेतं, गादीतलं आणि सोफ्यातलं नाही; ते काम फडक्याचं आणि व्हॅक्यूमचं.

बाकी घरात नियम एकच, कोरडा झाडू नाही. केरसुणीनं केर गोळा होतो, पण बारीक कण उडून नाकाच्या उंचीला येतात. आधी व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं. व्हॅक्यूम क्लीनरला हेपा असणं पुरेसं नाही, त्याचं अख्खं अंग हवाबंद असावं लागतं, नाहीतर सांध्यांतून तीच धूळ परत बाहेर येते. पिशवीचं मशीन धुळीच्या डब्याच्या मशीनपेक्षा बरं, कारण डबा उलटताना सगळा ढग तोंडावर येतो. सोफा कापडी असेल तर जाड सुती खोळींचे दोन जोड शिवून घ्या, एक वापरात, एक धुण्यात. ॲलर्जी असलेल्या माणसालाच सफाई करावी लागत असेल तर एन-९५ मास्क लावून करावी, आणि नंतर तासभर त्या खोलीत थांबू नये. लिटर बॉक्सचंही, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या पेटीचंही, तेच. तिथली वाळू कमी धूळ उडणारी घ्या. तिची धूळ आणि अमोनियाचा वास यांनी नाक झोंबतं ते ॲलर्जी नसलेल्यालाही.

प्राण्याच्या अंगावर काय करायचं, याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. कुत्र्याला अंघोळ घातली की केसांतलं कॅन एफ १ नक्की कमी होतं, पण काही दिवसांत परत पूर्वपदावर येतं. फरक टिकवायचा तर आठवड्याला दोन अंघोळी लागतात. कोमट पाणी, कुत्र्यासाठीचाच शाम्पू, आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुणं. माणसाच्या साबणानं त्याची त्वचा कोरडी पडते, खाज सुटते आणि कोंडा उलट वाढतो. त्वचा तडकताना दिसली तर अंघोळी कमी करून पशुवैद्याला विचारा. मांजराच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे: अंघोळ घालू नका. पातळी आठवड्याच्या आत परत चढते, आणि तेवढ्यासाठी दर आठवड्याला त्या जिवाला घाबरवणं योग्य नाही. ओलसर फडकं अंगावरून फिरवू देत असेल तर फिरवा, फायदा थोडा आहे पण नुकसान नाही. विंचरणं घराबाहेर किंवा गच्चीवर, आणि ते दुसऱ्या कुणी करायचं. पिसवा किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर आधी त्याचा इलाज. खाजवणारा प्राणी दुप्पट कोंडा सांडतो.

टी ट्री तेलासारखी सुगंधी तेलं कोंड्यावर उपाय म्हणून लावायचा सल्ला कुठेतरी वाचायला मिळतो. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत, अंगावरची ती चाटून त्याला विषबाधा होते. कृपा करून हा प्रयोग करू नका.

नसबंदी न केलेल्या बोक्यात फेल डी १ जास्त असतं आणि नसबंदीनंतर ते कमी होतं. बोका पाळला असेल तर हे काम लांबवू नये. मांजरांसाठी एक खास खाद्यही निघालं आहे. त्यात कोंबडीच्या अंड्यातून मिळवलेली प्रतिपिंडं असतात, ती लाळेतल्या फेल डी १ ला चिकटून त्याला निकामी करतात. बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधनात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरच्या सक्रिय फेल डी १ मध्ये सरासरी ४७ टक्के घट दिसली. सरासरी म्हणजे काही मांजरांत याहून कमी. खाद्य रोज द्यावं लागतं, आणि बाकी सगळं सोडून एवढ्यावर विसंबता येत नाही, पण बंद खोली आणि प्युरिफायर यांच्या जोडीला ते कामाचं आहे.

'ॲलर्जी न करणारी जात' म्हणून जी पिल्लं विकली जातात, त्यांवर विश्वास ठेवू नका. अशा जातीची कुत्री असलेल्या घरांची इतर घरांशी तुलना झाली आहे, आणि कॅन एफ १ च्या पातळीत फरक आढळला नाही. कमी केस गळतात म्हणून कमी लाळ तयार होत नाही. एकाच जातीच्या दोन प्राण्यांत मात्र पुष्कळ फरक असतो. त्यामुळे नवा प्राणी आणायचा असेल तर ज्याला आणायचं त्याच्याजवळच, बंद खोलीत, तासभर बसा. असं तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी, गोळी न घेता. पूर्वी दम्याचा झटका आलेला असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आता आपलं नाक. प्राण्याला हात लावल्यावर हात साबणानं धुवायचे आणि तोपर्यंत डोळ्यांना लावायचे नाहीत. डोळ्यांची अर्धी खाज एवढ्यानं जाते. चाटलेल्या जागी गांधी उठत असतील तर ती जागाही लगेच धुवा. दिवसातून एकदा, शक्यतो झोपण्याआधी, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं हा स्वस्त आणि फार गुणकारी उपाय. आयोडीन नसलेलं मीठ तीन चमचे आणि खाण्याचा सोडा एक चमचा कोरडंच मिसळून बरणीत ठेवा. त्यातलं एक छोटा चमचा मिश्रण २४० मिलिलिटर कोमट पाण्यात. झोंबलं तर मिश्रण कमी करा. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. नळाच्या कच्च्या पाण्यातून नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ते क्वचित घडतं, पण घडलं तर जीव जातो. इथे आळस नको.

औषधांत नाकाचा स्टेरॉइड स्प्रे हा पाया. तो रोज घ्यायचा असतो, पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडेही लागू शकतात, आणि तीन दिवसांत सोडून देणारे 'लागू पडत नाही' म्हणतात. मान किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं धरा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. जोरात ओढून घेऊ नका, औषध घशात उतरतं. नाकातून रक्त येऊ लागलं तर बहुतेक वेळा फवाऱ्याची दिशा चुकलेली असते. अँटिहिस्टामिन गोळ्यांत सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांनी जुन्या गोळ्यांपेक्षा झोप कमी येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, ते नीट शोषलं जात नाही. चोंदलेलं नाक क्षणात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र सलग काही दिवसांच्या वर वापरू नका. नंतर त्या थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं आणि माणूस मांजराला बोल लावत राहतो.

हे सगळं करूनही भागत नसेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराला त्या प्रथिनाची सवय लावणं. अर्काची मात्रा टोचून हळूहळू वाढवत नेतात, वाढवण्याचा टप्पा काही महिन्यांचा, आणि एकूण उपचार तीन ते पाच वर्षांचा. प्रत्येक इंजेक्शननंतर दवाखान्यात ३० मिनिटं थांबावंच लागतं, कारण तीव्र प्रतिक्रिया आलीच तर बहुधा त्याच वेळात येते. दमा आटोक्यात नसताना हा उपचार सुरू करत नाहीत.

प्रगती मोजायला वही ठेवा. शिंका, वाहणारं नाक, चोंदलेलं नाक, डोळ्यांची खाज, प्रत्येकाला रोज ० ते ३ गुण. रात्री बेरीज, आठवड्याला सरासरी. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. दोन महिन्यांनीही सरासरी हलली नसेल तर आधी प्युरिफायर कुठल्या वेगावर चालतो ते बघा, मग दिवाणखान्यातला सोफा, मग माइटचा विचार.

छातीतून घरघर येत असेल, रात्री खोकल्यानं जाग येत असेल, किंवा आराम देणारा इन्हेलर आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर वहीचा प्रश्न संपला, डॉक्टरांकडे जा. वाक्य पूर्ण बोलता येऊ नये इतकी धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात. नीट उपचार घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर प्राण्याला दुसरं चांगलं घर शोधणं हाच मार्ग उरतो, आणि तो निवडणाऱ्याला कुणी दोष देऊ नये. पक्षी पाळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: पिंजरा साफ केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप असं वारंवार होत असेल तर ती ही ॲलर्जी नाही. तो फुप्फुसांचा दाह असतो, त्यावर अँटिहिस्टामिन चालत नाही, आणि संपर्क चालू राहिला तर फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात.

बरेच दिवस घराबाहेर राहून परत आल्यावर लक्षणं अचानक उसळतात. रोजच्या संपर्कानं काहींच्या शरीराला थोडी सवय झालेली असते आणि खंड पडला की ती जाते. म्हणून प्रवासात स्प्रे थांबवला असेल तर परतायच्या आठवडाभर आधी तो पुन्हा सुरू करा, आणि घरी पोचण्याच्या आदल्या दिवशी झोपायची खोली कुणाकडून तरी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. दार तेवढं बंद होतं ना, हेही विचारा.